लाल गाडी परत आली

मरोळ नाक्याच्या सिग्नलला ती लाल गाडी माझ्या स्कूटरच्या शेजारी येऊन थांबली. मी ती आधी पाहिली नाही, ऐकली. दोन दारांची, बुटकी, वीस वर्षांपूर्वीची स्पोर्ट्‌स कार... अशी गाडी उभ्या जागी कशी घुमायला हवी! आणि ही मेली खोकत होती. मला राहवेना. मी काचेवर टकटक केलं.

काच खाली आली. आत कुरळ्या केसांचा एक सावळा मुलगा स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता.

"तुमचा एक सिलिंडर झोपलाय," मी म्हटलं.

"अं?"

"चेक इंजिनचा दिवा लागलाय ना? लुकलुकतोय?"

त्यानं मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सकाळपासून. तुम्ही... ज्योतिषी आहात की मेकॅनिक?"

"मेकॅनिक. ज्योतिषी असते तर हा सिग्नल कधी सुटणार तेही सांगितलं असतं. दिवा लुकलुकत असताना गाडी पळवायची नसते. माझ्या मागे या. हळू!"

आणि तो आला. मागे वळून बघायचं नाही असं ठरवून मी आरशात चारदा बघितलं. गाडीसाठी... म्हणजे, तीनदा गाडीसाठी.

मी समीक्षा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत धोंडूकाकांचं गॅरेज आहे, तिथे मी चार वर्षं काम करते. धोंडूकाका जुन्या वळणाचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते गाडीचा आजार सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. माझ्या स्कॅनरला ते 'टीव्हीचा रिमोट' म्हणतात. पण हल्लीच्या गाड्या कानाला दाद देत नाहीत हे त्यांनाही कळून चुकलं होतं. म्हणून दिवाळीआधी त्यांनी गॅरेजच्या कोपऱ्यात एक काचेची खोली बांधून घेतली. तिथे फक्त निदान होणार, आणि खोलीत कोण बसणार ते काका ठरवणार. मला ती खोली हवी होती. तोवर मी पुढच्या काउंटरवर लोकांचे फोन घेत होते आणि मधूनमधून, कोणी हाक मारली तर, गाडी तपासत होते.

त्या दिवशी, एकोणीस ऑक्टोबरला, मी स्कॅनर लावला. कोड आला – दोन नंबरचा सिलिंडर पेटत नाही.

"म्हणजे काय बदलायचं?" त्यानं विचारलं. नाव अल्पेश.

"काहीच नाही, अजून. कोड म्हणजे आजाराचं नाव नसतं. पोट दुखतंय म्हणून पोर रडतं ना, तेवढंच गाडी सांगते. का दुखतंय ते आपण शोधायचं."

"आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी शोधलं नाही. नुसतं बदललं. एकवीस ऑगस्टला एक सेन्सर, सप्टेंबरमध्ये दुसरा."

मी दोन नंबरची, ठिणगी पाडणारी कॉइल उपसून काढली. तळाशी ओल होती. "इंजिन धुतलंत?"

"छे! बाईंनी बजावलंय, इंजिनाला पाणी दाखवायचं नाही."

बाई म्हणजे मृणालिनीबाई. अल्पेश पार्ल्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे आणि बाई तिथल्या प्राध्यापिका. वीस वर्षं त्या ही लाल गाडी चालवत कॉलेजात येत होत्या. निवृत्त होऊन लेकीकडे कॅनडाला जाताना त्यांनी चावी याच्या हातात ठेवली. म्हणाल्या, विकली तर कोणी तरी हिला मोठा भोंगा लावेल, त्यापेक्षा तू घे, फक्त हिला आजारी पाडू नकोस. ऑगस्टच्या सुरुवातीला गाडी पार्ल्याहून खारदांड्याला, अल्पेशच्या कोळीवाड्यात आली. आणि तेव्हापासून दर महिन्याला दिवा!

"वीस वर्षं पार्ल्यात एकदा लागला नाही," तो म्हणाला. "बाईंचा फोन येतो. गाडी कशी आहे विचारतात. मी खोटं बोलतो."

हे सांगताना त्याचा चेहरा इतका पडला की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी ओल पुसली, सगळं वाळवलं, कोड पुसला. दिवा गेला. खारी हवा असेल, असं म्हणून मी त्याला वाटेला लावलं. तो गेला आणि गॅरेज एकदम रिकामं वाटलं... संध्याकाळी पाचला, सात गाड्या उभ्या असताना.

अठरा नोव्हेंबरला लाल गाडी परत आली.

"मी परत आलो," अल्पेश म्हणाला. नको तितक्या आनंदानं.

"दिसलं," मी म्हटलं. मीही नको तितक्या आनंदानं.

या वेळी कोड निराळा होता. कॅमशाफ्टच्या सेन्सरचा. कनेक्टर उघडला तर आत हिरवट गंज आणि एक चिकट साय. आणि मुंग्या! बॉनेटखाली बारीक लाल मुंग्यांची रांग. चार वर्षांत मी इंजिनात उंदीर पाहिले होते, मांजराचं पिल्लू पाहिलं होतं, एकदा कोणाची हरवलेली कवळीसुद्धा सापडली होती. मुंग्या पहिल्यांदाच.

"इथे बसून गोड खातोस का रे?"

"गोड बोलतो फक्त," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. बोलून गेल्यावर लाजणारा मुलगा मी तोवर पाहिला नव्हता.

त्या दुपारी मी बोल्ट काढत होते आणि तो बाजूला उभा राहून त्यांचा नकाशा काढत होता. वहीच्या पानावर इंजिनाचं चित्र, प्रत्येक बोल्टासाठी एक गोल, आणि त्या गोलावर तोच बोल्ट. प्रयोगशाळेतली सवय. आमच्याकडे बोल्ट पत्र्याच्या डब्यात जातात आणि शेवटी एक तरी उरतोच. त्या दिवशी एकही उरला नाही. बोल्ट मागायला मी हात पुढे केला की नेमका हवा तोच तळहातावर यायचा. एकदा बोल्ट आला आणि त्याची बोटं... जरा उशिरा गेली. मी मान वर केली नाही. पाना उलटा फिरवत होते हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

मला तो आवडला होता. उगाच कशाला आढेवेढे घेऊ!

सतरा डिसेंबरला गाडी तिसऱ्यांदा आली. कोड पुन्हा नवा, थ्रॉटलच्या सेन्सरचा. पुन्हा तीच चिकट ओल. आता मात्र मी हुशारी केली. इंजिन थंड ठेवणारं कूलंट चवीला गोडसर असतं. मुंग्या त्यालाच लागल्या असणार, कुठून तरी ते गळत असणार! मी दिवसभर दाब देऊन सगळ्या नळ्या तपासल्या. एक थेंब गळेल तर शपथ.

संध्याकाळी गॅरेजात माझी शोभा झाली. आमचा वेल्डर मिथुन हात पुसत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अगं, इतकं काय डोकं खाजवतेस? तोच वायर सैल करतो. महिना झाला की त्याला तुझी आठवण येते आणि दिवा लागतो. सिंपल!"

सगळे खो-खो हसले. धोंडूकाका हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"समीक्षा, तीनदा झालं. त्या खोलीत बसायचं तर गाडी परत येता कामा नये. काय?"

"मला महिना द्या, काका."

"वीस जानेवारी. तोवर ही लाल गाडी दिवा घेऊन आली नाही तर खोली तुझी. आली... तर तू काउंटरवर, आणि खोलीत मी दुसरा माणूस आणतो. मग रडायचं नाही."

मी घाबरले. आणि घाबरले की मी भांडते. अल्पेश बाहेर चिंचेखाली उभा होता. मी तरातरा गेले.

"खरं सांग. तू स्वतः काही करतोस का गाडीला?"

"म्हणजे?"

"म्हणजे... इथे यायला कारण हवं म्हणून."

तो आधी हसला. मग माझा चेहरा पाहून थांबला. "तुला असं वाटतं?"

"मिथुन म्हणतो –"

"मिथुनचं सोड. तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं? ते खरं असावं असं वाटत होतं, आणि खरं असेल तर याचे कान उपटावेत असंही वाटत होतं. हे कसं सांगणार?

"बाईंची गाडी आहे ती," अल्पेश हळू म्हणाला. "मी तिला हात लावताना हात धुतो, समीक्षा. आणि तुला भेटायचंच असतं ना, तर सरळ आलो असतो. असा चोरून नाही."

मग सरळ का नाही आलास रे, गाढवा... पण हे मी मनात म्हटलं. तो चावी घेऊन निघून गेला. माझी वाट लागली होती. खोली जाणार होती, आणि ज्याच्यासाठी आरशात बघत होते तोही गेला होता.

त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही. नाताळ गेला, नवं वर्ष आलं. मी तिन्ही वेळच्या नोंदी काढून रोज रात्री उशाशी घेऊन झोपत होते. तीन कोड, तीन जागा, एकच चिकट ओल. वरून काहीतरी पडत होतं. पण काय? आणि महिन्यातून एकदाच का?

तेरा जानेवारी. सोमवार. सकाळी सहाला मी चहा ढवळत डोळे चोळत होते आणि आई आरशासमोर पांढरी साडी नेसत होती.

"आज कुठे गं?"

"विहारात. पौर्णिमा आहे ना आज, वंदनेला जायचंय. तुला कधी काही लक्षात असतं का? दर महिन्याला विचारतेस!"

दर महिन्याला.

मी चहा तसाच ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे धावले. नव्याच्या मागे गेल्या वर्षीचं होतंच; त्याचं शेवटचं पान, त्याच्या आधीचं, त्याच्याही आधीचं. सतरा ऑक्टोबर, पौर्णिमा. गाडी आली एकोणीसला. पंधरा नोव्हेंबर, पौर्णिमा. गाडी आली अठराला. पंधरा डिसेंबर, पौर्णिमा. गाडी आली सतराला! आणि एकवीस ऑगस्टचा तो पहिला दिवा... नारळी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते.

नारळ. कोळीवाडा. मुंग्या!

"आई, तू देवी आहेस!" मी ओरडले.

"मी विहारात चालल्येय," आई म्हणाली. "देवी-बिवी म्हणू नकोस."

अल्पेशला तीन फोन केले. उचलला नाही. मी स्कूटर काढली आणि सुसाट सुटले. खारदांड्याला पोहोचले तेव्हा समुद्रावरून गार वारा येत होता आणि काठ्यांवर बोंबील वाळत होते. जाळी पसरलेल्या मोकळ्या जागेत लाल गाडी उभी होती. बॉनेट सताड उघडं. बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूची माळ. आणि इंजिनासमोर, नुकताच फोडलेला नारळ दोन्ही हातांत धरून, कासोट्याचं लुगडं नेसलेली एक भक्कम बाई.

"थांबा!" मी किंचाळले. "मावशी, थांबा! ओतू नका!"

त्या थांबल्या. मला वरून खाली पाहिलं. "तू कोन गो?"

"मी... गाडीची डॉक्टर."

"तू ती मरोलची पोरगी?" त्यांचे डोळे बारीक झाले. "माजे पोराला चोर बोलली ती?"

मेले! हे घरापर्यंत पोहोचलं होतं. या अल्पेशच्या आई, अंजनाबाई. दांड्याच्या मासळी बाजारात त्यांच्याशी घासाघीस करायची हिंमत कोणाची नाही हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसतं जाणवलं.

"बोलले, मावशी. चुकले. पण आधी तो नारळ... जरा बाजूला धरता?"

"कनाला? पुनवेला इंजिनाला नारलाचं पानी देतात. आमचे होडीचे इंजिनाला वीस वरसं दिलं, कवा बंद नाय पडलं."

"आणि होडी कुठे आहे?"

हे विचारायला नको होतं. त्यांनी समुद्राकडे पाहिलं. "धनी गेले, मंग होडी पन गेली. आता घरात हेच एक इंजिन हाय. पोरगा यातून जातो-येतो. त्याला नारल नको?"

बाईंच्या गाडीला कोणी दृष्ट लावत नव्हतं, कोणी वायर ओढत नव्हतं. एक आई आपल्या मुलाच्या इंजिनाला दर पौर्णिमेला नारळ देत होती, आणि त्या गोड पाण्यानं सेन्सर गंजत होते. होडीचं इंजिन म्हणजे लोखंडाचा धोंडा, ते नारळ पिऊनही चालतं. हे इंजिन नाजूक, याच्या अंगाखांद्यावर बारीक तारा. हे मी त्यांना समजावून सांगितलं, मागच्या वेळी काढलेला चिकट कनेक्टर डिकीतून आणून हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला. चेहरा उतरला.

"म्हंजे... मीच बिगडवला?"

आता 'हो' म्हणायची माझी जीभ रेटेना. आणि नारळ बंद करा असंही म्हणवेना. मी डोकं चालवलं.

"मावशी, होड्यांना इंजिनं नव्हती तेव्हा... शिडाच्या होड्या होत्या तेव्हा, नारळ कुठे देत होते?"

त्या थांबल्या. मग आठवलं. "माजा आजा नालेवर द्यायचा. होडीचे पुढचे टोकाला. पानी कापते ना ती, म्हनून मान तिचा."

"मग हिची नाळ ही!" मी गाडीच्या पुढच्या बंपरावर, अगदी नाकाशी, हात ठेवला. "रस्ता हीच कापते. इथे द्या. अख्खा नारळ द्या, दोन द्या! इथे काही बिघडत नाही."

अंजनाबाईंनी बॉनेट स्वतःच्या हातानं खाली आपटलं, वाकल्या, आणि नारळाचं पाणी गाडीच्या नाकावर सोडलं. पाणी लाल पत्र्यावरून ओघळत जमिनीत गेलं.

"आई! काय चाललंय?"

अल्पेश. बनियन, विस्कटलेले केस, एका पायात चप्पल. मला पाहून तो जागच्या जागी थिजला.

"दिवा सापडला," मी म्हटलं. "तुझी आई दर पौर्णिमेला इंजिनाची पूजा करते."

"हळदकुंकू लावते, मला ठाऊक आहे. पण बॉनेट... आई, तुला बॉनेट उघडता येतं?"

"मी काय आंदली हाय? तू दांडी वडतो ते बगते ना रोज." आणि नारळाचे तुकडे ताटात ठेवत त्या घराकडे निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "पोरीला चा दे. आनि माफी मागाची असंल तिला, तर मागू दे."

आम्ही दोघंच उरलो. लाटांचा आवाज... आणि माझा.

"मी तुझ्यावर आळ घेतला. सगळ्यांसमोर हसू झालं म्हणून चिडले होते. पण ते खरं कारण नाही. तू माझ्यासाठी येत असशील, असं मला... बरं वाटत होतं. म्हणून विचारलं."

तो नुसता हसला, हळूहळू, आधी डोळ्यांनी. मग म्हणाला, "चहात साखर किती?"

मी इंजिन पुन्हा तपासलं, सगळं कोरडं. पण खात्री व्हायला आठवडा जायला हवा होता. मी त्याला बजावलं, दिवा लागला तरच गॅरेजला यायचं, नाहीतर यायचं नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी आठला त्याचा मेसेज येऊ लागला. गाडी चालू असतानाचा मीटरचा फोटो. दिवा नाही. चौदाला नाही. पंधराला नाही. सोळा, सतरा, अठरा... दर पौर्णिमेनंतर ज्या दिवसांत दिवा लागायचा ते दिवस गेले. एकोणीसच्या फोटोत मीटरच्या काचेत त्याचं प्रतिबिंबही होतं. ते मी मोठं करून पाहिलं, निदानासाठी.

वीस जानेवारीला सकाळी आठला फोटो आला नाही.

नऊला नाही. दहाला नाही. फोन केला तर लागेना. धोंडूकाका काचेच्या खोलीला टेकून कॅलेंडरकडे बघत होते. मिथुन पहिल्यांदाच गप्प होता. आणि साडेदहाला वसाहतीच्या फाटकातून ती लाल गाडी आत आली.

मी स्कॅनर उचलला.

"आली की गं परत," काका म्हणाले. त्यांच्याही आवाजात हळहळ होती.

गाडी माझ्यासमोर थांबली. अल्पेश उतरला. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, दोन्ही पायांत बूट. मी त्याला बाजूला सारलं, आत बसले, गाडी बंद केली आणि पुन्हा चावी फिरवली. सगळे दिवे लागले, लागायचेच असतात. मी स्टार्ट केली. इंजिन घुमलं... कसं घुमलं म्हणून सांगू! ना खोकला, ना कुरकुर. चेक इंजिनचा दिवा विझला. मी स्कॅनर लावला. एकही कोड नाही, जुना नाही, नवा नाही. मी पुन्हा लावला. नाही!

"काका!" मी ओरडले. "बघा! तुम्ही म्हणाला होता दिवा घेऊन आली तर. दिवा कुठाय?"

धोंडूकाकांनी चष्मा लावून मीटर पाहिला. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, इंजिनाला लावला, मूठ कानाला धरली आणि डोळे मिटले. काकांनी डोळे उघडले, स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि काचेच्या खोलीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले. "जा, बस आत."

मिथुननं अशी शिट्टी मारली की फाटकावरची कबुतरं उडाली. मी जिंकले होते! मला नाचावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं, आणि सगळ्यात आधी एका माणसाची मानगूट धरावीशी वाटत होती.

"फोटो का नाही पाठवलास? जीव गेला असता माझा! आणि काही झालं नव्हतं तर आलास कशाला?"

अल्पेशनं घसा साफ केला. सगळे ऐकत होते. तो कानापर्यंत लाल झाला, पण मागे हटला नाही.

"तू म्हणालीस, दिवा लागला तरच यायचं. दिवा काही लागला नाही... आणि मला तर यायचंच होतं. म्हणून आज सरळ आलो. तू आवडतेस मला, समीक्षा. त्या सिग्नलपासून."

मी बोलणार तेवढ्यात त्यानं घाईघाईनं पुढचंही सांगून टाकलं.

"आईनं दुपारच्या जेवणाला सुरमई करायला घेतलीय. तू येणार म्हणून सांगून आलोय. आपल्या दोघांची."

"मला विचारायच्या आधी?"

"हो..." त्याचा आवाज खाली गेला. "चुकलं का?"

"चुकलंच," मी म्हटलं, आणि किल्ली असलेला हात तसाच त्याच्या हातात दिला. "तिघांची सांगायची होतीस. जाताना माझ्या आईलाही घेऊया."